पाट्याची वही

सोहारला उन्हाळ्यात शाळा पहाटे साडेपाचला भरते.
म्हणजे आमची. मागच्या अंगणात,
जिथे एसीचं पाणी टपकून टपकून
बादली रात्रीत काठोकाठ होते.
पटावर मुलगी एकच, शर्वाणी, वय नऊ.
शिवाय खारीक नावाची मांजर,
पाटा नावाचं कासव,
आणि एक हिरवी बजरी, अजून बिननावाची,
कारण बारशाचं भांडण मिटलेलं नाही.

सासरे दर रविवारी फोनवर विचारतात,
पोरीला खऱ्या शाळेत कधी घालताय?
मी म्हणते, हो, बघू.
पलीकडे बजरी ओरडते. ते म्हणतात, वर्ग चालू आहे वाटतं.

वहीत आधी वेळ, मग तापमान. चौतीस, सूर्य जेमतेम वर.
"पाट्याने काकडी खाल्ली नाही.
जास्वंदीची दोन फुलं खाल्ली.
तिसऱ्याचा विचार केला."
'विचार' शब्दाखाली मी लाल रेघ मारली,
आणि विचारलं, हे कशावरून?
ती म्हणाली, तू बस ना आधी.

बसले. वीस मिनिटं.
मला कुणी कधी वीस मिनिटं
एकच गोष्ट बघायला दिली नव्हती.
माझं कासव देवळातलं, दगडी,
हात लावायचा, कपाळाला न्यायचा, पुढे व्हायचं.
त्याला मान असते हेसुद्धा
मी बहुतेक घासाघीस झालेल्या खुणेवरूनच ताडलेलं.
पाट्याने मान लांब केली, फुलापाशी थांबला,
डोळा मिटला, उघडला,
आणि मागे फिरला.
रेघ मी खोडरबराने पुसायला गेले. शाई. राहिली.

मे महिन्यात खारीक केस गाळते.
शर्वाणी ते विंचरून पिठाच्या काट्यावर तोलते:
सोमवारी दोन ग्रॅम, गुरुवारी पाच,
मग विद्याधर म्हणतो, चपातीत केस.
उरलेला पुंजका तिने भिंतीवर ठेवला,
पांढऱ्या गालाच्या बुलबुलाने तो उचलला.
म्हणजे आमच्या मांजरीच्या अंगावरचं
बुलबुलाच्या पिलांच्या अंगाखाली.
मांजरीला हे सांगायचं नाही, असं ठरलं.

पाट्याच्या पोटाखाली नेलपॉलिशचा एक ठिपका आहे,
आणि कुणीतरी कोरलेला अरबी सात.
आमच्याआधी तो लिसियम्माकडे होता,
तिच्याआधी एका सुदानी डॉक्टरकडे,
त्याच्याआधीचं कुणाला ठाऊक नाही.
व्हिसा संपतो, माणसं फ्रिज विकतात, पडदे वाटतात,
आणि कासव शेजारच्या दारात येतं.
पाठीवरची कडी शर्वाणीने मोजली, तेवीस.
एक कडं म्हणजे एक वर्ष असतंच असं नाही,
मी पुस्तकातलं सांगितलं.
तरी तो माझ्याआधीपासून ओमानात आहे, ती म्हणाली.
यावर माझ्याकडे पुस्तक नव्हतं.

मार्चमध्ये विद्याधरच्या कंपनीचं पत्र आलं.
आम्ही हळू बोलायला लागलो.
मुलं हळू बोललेलं आधी ऐकतात.
दुसऱ्या दिवशी वहीची शेवटची चार पानं भरलेली:
बादलीचा आवाज झाला की येतो.
कोथिंबीर आवडत नाही, उगाच नाटक समजू नका.
पाठीवर थोपटलेलं चालतं, शेपटीकडून नाही.
हे सगळं मराठीत, आणि शेजारचा खलफान,
जो रोज फाटकापाशी कलिंगडाची साल घेऊन उभा असतो,
त्याला मराठी येत नाही.
मग प्रत्येक ओळीसमोर चित्र आलं.
त्याने एका चित्राखाली 'सुलहफा' लिहून दिलं,
आणि शेपटी चुकली आहे म्हणून ती दुरुस्त केली.
दोघं बराच वेळ शेपटीवरून भांडले,
पाट्याला उलटा करून बघायचं मी चालू दिलं नाही.

करार अकरा महिन्यांनी वाढला.
विद्याधरने जिलेबी आणली, मी पडद्यांची घडी उलगडली.
शर्वाणीला म्हटलं, आता ती मागची पानं फाड.
तिने ऐकलं नाही.
मधली कोरी पानं मोजली फक्त. बासष्ट.

आज खाली आले तर ती त्या पानांच्या बरीच अलीकडे,
गुडघ्यावर वही, लिहीत होती:
पाच चाळीस. छत्तीस. पाटा बादलीपाशी, मान बाहेर.
बजरी गप्प.
आई उशिरा.