दुसरी बाजू

माझ्याकडे एका तबकडीचं पाकीट आहे.
तबकडी नाही.

सात इंची, पंचेचाळीस फेऱ्यांची,
या बाजूला एक गाणं, त्या बाजूला एक,
तेवढ्यासाठी मी आणि मंदा
अख्खा उन्हाळा तांडापेठेत
लोकांच्या कांड्या भरत बसलो होतो.

झिंगराजी धकाते आणि पार्टी.
पहिल्या बाजूला देवीचं. ते सगळ्या गल्लीला आवडायचं.
दुसरी बाजू मागाची, ती आमची:
धाव रे धोट्या, धाव रे धोट्या,
रात सरली, पदर उरला.

एकदा मंदानं ठेक्यावर टाच आपटली.
टेबल हललं. सुई घसरली.
तेव्हापासून झिंगराजी त्या जागी आले की
धाव रे धो, धो, धो,
आणि आमच्यापैकी कुणीतरी
टेबलाच्या कडेला टिचकी मारायचं.
मग पुढे जायचे बिचारे.
दुसऱ्यांच्या घरी हे गाणं
न अडखळता संपतं, हे ऐकून
आम्हाला त्यांची कीव आली होती.

अठ्ठ्याण्णवला बाबा मेयोत होते.
छत्तीस तबकड्या कॅरिअरला बांधून
मी इतवारीत नेल्या.
मला वाटलं, मोजून घेईल.
त्यानं तराजू काढला.

हे पाकीट तेवढं दिलं नाही.
पाठीवर मंदाच्या अक्षरात हिशोब आहे:
नऊवारी दोन. मजुरी बाकी अकरा रुपये.
शेटजी म्हणाले सोमवारी.
ते पैसे अजून यायचे आहेत.
पुरावा कसा विकणार?

आता मंदाचा हर्षल इंजिनिअरिंगला माझ्याकडे राहतो.
त्याच्या खिशात नऊ हजार गाणी आहेत,
एकाचीही धूळ पुसावी लागत नाही.
'कायले जीव टाकता मामा त्या पुठ्ठ्यावर?
नाव सांगा, आत्ता काढतो.'
मी नाव सांगितलं, त्याची जिरावी म्हणून.
माझे दोडके चिरून व्हायच्या आत
त्यानं काढलं.

काय स्वच्छ फोन, काय लहान झिंगराजी!
मी तसाच चिरत राहिलो.
रात सरली, पदर उरला,
धाव रे धो,
धो,
धो,
माझं बोट पाटावर आपटलं, मला न विचारता.
आणि तिकडे, त्या फोनच्या आत,
कुणीतरी टक् केलं.
सुई पुढे गेली.

मी विळीवरून उठलो.

गाणं संपल्यावर हर्षल बंद करत होता.
मी म्हटलं, थांब बे.
सुई रिकामीच फिरत होती, खर्र, खर्र,
मग एका कुकरची शिट्टी, लांबून,
मग एक बाई: 'अवो, जेवाले या ना,
भाजी थंडी होऊन रायली.'
खुर्ची सरकली. तिथं ते संपतं.

'हे सगळं साफ करता येते,' हर्षल म्हणाला,
'खरखर, शिट्टी, बाई, सगळं.'
म्हटलं, हात तर लावून पाय.

ती जिवंत आहे. कुणाच्या तरी घरी,
जेवायच्या आधी ऐकतात तिला,
आणि कुठं टिचकी मारायची ते त्यांना कळलंय.
परत मागायची नाही मला.
पण उघडीच पडली असेल ना बिनपाकिटाची,
फोडणीच्या धुरात?

मंदाला फोन केला. ती म्हणाली,
'पाकीट देऊन टाक.
अकरा रुपये लिहून घे आधी.'

म्हणून रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर,
पाकीट माझ्या शर्टाच्या आत.
दुपारी साडेबाराला इतवारीच्या एका गल्लीत
किती कुकर असतात, तुम्हाला कल्पना नाही.
हर्षल गाडी बंद करतो, मान वाकडी करतो,
ऐकतो.
'हा नाही मामा,' म्हणतो,
'आपला थोडा खालच्या पट्टीतला.'