सदतीस की सत्तावीस

पहिला पडदा माघात गेला.
नंदुरबारच्या पथाऱ्यांवर हंगाम ऐन भरात,
नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत घातलेली,
आणि मी तोंड घट्ट मिटून शिंकले,
कारण चारचौघांत बाईनं तोंड वासू नये
हे आईनं शिकवलं होतं.
आत फुस्स झालं, सायकलच्या ट्यूबसारखं.
दुखलं नाही.
सकाळी उशीवर पिवळा डाग.

मी वजनं लिहिते. काट्यावरून वेच्या पाडवी ओरडतो,
मी वहीत उतरवते.
त्या आठवड्यात सदतीसचं सत्तावीस लिहिलं,
दोनदा.
शेठ बोलले नाहीत. फक्त माझी खुर्ची उचलून
काट्याच्या दुसऱ्या अंगाला ठेवली,
चांगल्या कानाच्या.

भामरे डॉक्टरबाई दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिल्या.
म्हणाल्या, दुसऱ्या खेपेला भोकापेक्षा
आजूबाजूचंच जास्त बघावं लागतं.
मग उलटतपासणी:
कान वाहायचा थांबून किती दिवस झाले?
दुसरा कसा आहे?
रात्री नाक चोंदतं का?
मागे पडद्याला काय लावलं होतं, कागद आहे?
(होता. पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांखाली.)
आणि घरात बिडी कोण ओढतं?

मी रतिलालकडे बघितलं नाही.
रतिलालनं माझ्याकडे बघितलं.

मला वाटायचं, कान म्हणजे कान.
तर म्हणे त्याचं मागचं दार नाकाच्या पाठीमागे उघडतं,
आणि ते दार नीट उघडत नसेल
तर पुढे कितीही चांगला पडदा लावा,
आतली पोकळी त्याला ओढून घेते.
म्हणजे लहानपणच्या सगळ्या सर्द्या मोजायच्या.
प्रकाशाच्या घाटावर तापीत मारलेल्या बुड्या मोजायच्या.
आईनं लसूण कडवून ओतलेलं तेल,
आणि वर तिचं, "तुले आयकू येस का वं?"
येस, म्हणायचे मी. येत नसायचं.
तेल परत नको होतं.

या खेपेला टिकेल ना, मी विचारलं.
पहिल्यासारखी खात्री देत नाही, त्या म्हणाल्या,
दहातले सात, नशीब असेल तर आठ.
सात!
ओल्या मिरचीचे दहा किलो वाळून
अडीच उरले तरी आम्ही पेढे वाटतो.

कान आधी तीन महिने कोरडा ठणठणीत हवा होता.
आंघोळीला व्हॅसलीनचा बोळा,
डोक्यावरून पाणी बंद, पथारी बंद.
जेठात, मिरची उचलली गेल्यावर,
कानाच्या तोंडाशी असतं ना ते छोटं बोंड,
त्यातली कूर्चा काढून, तासून, आत लावली.
माझंच मला उसनं.
मागच्या वेळची झिल्ली नाजूक होती,
ही जरा हट्टी आहे म्हणाल्या.
हट्टीच बरी.

नाक शिंकरायचं नाही. ओझं उचलायचं नाही.
शिंक आलीच तर तोंड उघडून.
भाचीच्या साखरपुड्यात, भटजी संकल्प सांगत असताना,
मी म्हशीसारखी शिंकले.
नणंद अजून बोलत नाही.

काल बोळा निघाला.
तीन महिने काही म्हणू नका, असं बाईंनी बजावलंय,
म्हणून मी काही म्हणत नाही.
रात्री रतिलाल हळूच उठला,
कडी न वाजवता बाहेर गेला,
अंगण ओलांडून पार निंबाखाली.
मी चांगला कान उशीत दाबून धरला.

काडी ओढल्याचा आवाज.

मग दुसरी काडी.
पहिली विझली असावी.
वारा होता.