कोणत्या झाडाचा?

चार अंडी. पिवळं वेगळं, पांढरं वेगळं.
पांढरं इतकं फेटायचं
की भांडं डोक्यावर पालथं धरलं तरी केसांत पडू नये.
अमोस दरवर्षी स्वतःचं डोकं पुढे करतो.

घोरपडीत आज दुपारी वीज जाणार
असं सोसायटीच्या फळ्यावर होतं,
म्हणून सकाळी सातलाच ओव्हन लावला.
तुळशीबागेतून आणलेला ट्रे बोटभर मोठा निघाला,
कडा पक्कडीनं मुडपून आत सारला.
बारा मिनिटं. तेरावं मिनिट घातकी.

बाहेर निघाल्या निघाल्या, हात पोळत असतानाच,
पिठीसाखर भुरभुरलेल्या पंच्यावर तो उपडा करायचा
आणि पंच्यासकट गुंडाळायचा.
थांबलात तर तो सपाट राहायला शिकतो,
मग वळवायला गेलात की मोडतो.
सासूबाई हे सुनांबद्दल सांगायच्या,
केकबद्दल मी स्वतः शोधलं.

पंचा दादांचा. विचारून घेतलेला नाही.

तरी मोडलाच. मधोमध, वीतभर भेग.
क्रीम भरलं, परत गुंडाळला,
एक टोक तिरकं कापून बाजूला फांदीसारखं डकवलं,
वरून चॉकलेट ओतलं, जाड,
आणि काट्यानं रेघा ओढायला घेतल्या, सरळ,
फोटोत होत्या तशा.

दादा पेपर ठेवून आले.
वय एकोणऐंशी, शुगर दोनशे चाळीस,
बत्तीस वर्षं महापालिकेच्या झाडांवर काढलेली.
"हे काय?"
ओंडका, दादा. नाताळचा.
थंडीच्या देशांत शेकोटीत घालायचे, त्याची आठवण.
"कोणत्या झाडाचा?"

आता याला काय उत्तर द्यायचं.
"चॉकलेटच्या," अमोस म्हणाला.
"नुसतं झाड असं काही नसतं," दादा म्हणाले
आणि काटा माझ्या हातातून घेतला.
चष्मा पुसायला पंचा शोधला,
तो साखरेनं माखलेला दिसला,
काही न बोलता शर्टाला पुसला.

"कडुनिंबाच्या भेगा उभ्या जातात.
पेरूची साल सुटते, कागदासारखी.
याला खवले. असे. चौकोनी. हाताला लागणारे."
माझी भेग त्यांनी बुजवली नाही,
उलट सुरीच्या टोकानं फांदीपर्यंत नेली.
"इथे वीज पडली होती. अठ्ठ्याऐंशी साली."

मग थेंबभर दूध मागितलं, चिमूट पिठीसाखर,
काडेपेटीतली एक काडी,
आणि खोडावर, जिथे रंगवतात तिथेच,
पांढऱ्या आकड्यात लिहिलं: २१७.

चौकातला शिरीष.
आई त्याच्याखाली बसची वाट बघायची,
तपासायच्या वह्यांची पिशवी पायाशी ठेवून.
रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा
तोडायच्या कागदावर सही दादांची होती.
त्यानंतर आई पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायला लागली,
रिटायर होईपर्यंत.
घरात बोलायची सगळं. हे सोडून.

संध्याकाळी मंडळीतली पोरं आली,
गिटार, कानटोप्या, तीन गाणी आणि भूक.
दोन्ही टोकांकडून कापत आणलं.
प्रत्येक चकतीत क्रीमचा एक वळसा.
"एकच गोल, म्हणजे एक वर्षाचं झाड," अमोस म्हणाला.
"गोल कुठे आहे?" दादांनी बशी दिव्याखाली धरली.
"गोल मिटतो. हे बघ, हे उघडंच आहे."

दोनशे सतरावर सुरी ठेवायला कोणी तयार होईना.
तेवढा तुकडा फ्रिजमध्ये गेला.

रात्री दीडला स्वयंपाकघरात फ्रिजचा उजेड.
दादा उभे, हातात चमचा.
मी पाण्याला उठले होते, तहान तशीच घेऊन परतले.

सकाळी शुगर मोजायला त्यांनी बोट स्वतःहून पुढे केलं.
पंचा धुऊन दोरीवर घातलेला होता, नीट, टोकाला टोक.
साखर पुरती निघाली नसावी.
काठावरून मुंग्यांची एक रांग
वर चढत होती.