डावा हात खिशात

सर्किट काढायच्याही आधी सोफ्रोनकाकानं शिकवलं:
डावा हात खिशात.
उजव्यानं काय करायचं ते कर,
पण वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली
तर वाटेत काळीज लागतं.
हे तो अशा आवाजात सांगायचा
की कल्लास्तेच्या फाट्यावर बस थांबते, बाकी काही नाही.

चार डायोड.
लोणच्याच्या बरणीएवढा एक कपॅसिटर.
तार्तूच्या इस्पितळानं फेकलेल्या बावीस बॅटऱ्या,
एकीची शेपूट दुसरीच्या तोंडात, अशा ओळीनं.
आणि टालिनच्या भंगारातून आणलेला जहाजाचा दिवा,
एकशे दहा व्होल्टचा, भोपळ्याएवढा,
कारण बॅटऱ्या उपाशी असल्या की हावरटासारख्या ओढतात,
मध्ये कुणीतरी हात धरणारं लागतं.

ट्रान्सफॉर्मर नाही. त्याला पैसे पडतात.
भिंतीतली वीज थेट, मध्ये कुणीच नाही.
"म्हणजे मध्ये तू आहेस, उलिता," तो म्हणाला,
"म्हणून रबरी बूट. म्हणून कोरडी फळी."
शेडभर कांद्याच्या वेण्या टांगलेल्या,
त्यांची टरफलं सोल्डरच्या धुरात हलत होती.

आमच्यात क्रूस दोन बोटांनी करतात.
तिसरं बोट नको म्हणून पूर्वज
घरंदारं सोडून या तळ्याकाठी आले.
काकाची नेमकी तीच दोन बोटं बधिर.
कारखान्यात, तरुणपणी, कुणीतरी म्हणालं: बंद केलंय.
बंदच होतं.
कपॅसिटरला कुणी सांगितलं नव्हतं.
तेव्हापासून तो प्रार्थनेत बोटं कपाळाला टेकवायचा
आणि टेकली की नाही ते डोळ्यांनी बघून घ्यायचा.

म्हणून दुसरा नियम:
बंद केल्यावर पाच मिनिटं थांब.
रेझिस्टर आपलं काम हळूहळू करतो, त्याला घाई करू नकोस.
मग मीटर लाव.
मग हात.

एप्रिलात, तळ्यावरचं बर्फ फुटायच्या आठवड्यात,
आम्ही पहिल्यांदा खटका दाबला.
दिवा पेटला, अंड्याच्या बलकासारखा पिवळा.
काका स्टुलावर बसला, मी उलट्या बादलीवर.
रात्रभर कुणीतरी जागं राहायला हवं होतं,
आणि तो तर तासाभरात घोरायला लागला.

मी बघत राहिले.
मध्यरात्री पिवळा नारिंगी झाला.
तीनच्या सुमारास नारिंगी तांबडा.
चारला काचेत जेमतेम एक लाल केस उरला.
मी घाबरले. म्हटलं, गेलं,
बावीसच्या बावीस वाया, आणि माझ्या डोळ्यांदेखत.
त्याला हलवलं.

त्यानं एक डोळा उघडला.
"पोट भरलेलं मूल ओढतं का गं?
विझतोय म्हणजे भरलंय."
आणि उठून, डावा हात खिशात घालून,
त्यानं खटका वर केला.
पाच मिनिटं आम्ही दोघं शेडमध्ये उभे,
घड्याळाकडे बघत, काही न बोलता.

त्या उन्हाळ्यात होडी आवाज न करता जायची.
वार्न्याचे कोळी म्हणायचे, भूत वल्हवतंय.
काका जाळं सोडता सोडता ऐकायचा
पाण्यावर पाखरांचं बोलणं,
डिझेलच्या आड चाळीस वर्षं राहून गेलेलं.

फेब्रुवारीत तो गेला.
आधी हळू, मग आणखी हळू,
शेवटच्या रात्री मी पुन्हा उलट्या बादलीवर,
कारण घरात खुर्च्या पाहुण्यांना पुरत नव्हत्या.
म्हाताऱ्या बायका स्तोत्रं म्हणत होत्या.
कपाळाला ओठ लावायला सगळे रांगेनं पुढे गेले.

माझी पाळी आली.
मागून कुणीतरी हलकेच ढकललं.
मी जागची हलले नाही.
भिंतीवरच्या घड्याळात काटा बघत होते,
एक, दोन.
डावा हात कोटाच्या खिशात होता, कधी गेला कळलं नाही.
तिथे एका डायोडचं पाय वाकलेलं कलेवर
आणि कांद्याचं टरफल.