काडी

तुस्कानोनं फहाहीलच्या बाजारातून काडी आणली,
साडेनऊ दिनार.
प्रत्येकी एक दिनार साठ फिल्स,
वर उरलेल्या चाळीस फिल्सचं काही येत नाही,
ते फ्रिजवर पडून आहेत.

बोटभर लांब, काळी, टीव्हीच्या पाठीत खुपसायची.
बुडत्याला काडीचा आधार म्हणतात,
इथे काडीच विचारत होती,
मला आधार कुणाचा?
आणि दाखवत होती शेजारपाजार:
अल-बरकत सलून. फ्लॅट चार. फ्लॅट चार नवीन.
एक नाव अरबीत, हमीदनं वाचून सांगितलं:
मागू नका.
सगळ्यात खाली आमचं, दोन काड्यांचं, फिकट.

मी दिवसभर रिफायनरीत हेच करतो.
चार मिलिअँप म्हणजे टाकी रिकामी,
वीस म्हणजे भरलेली,
मधलं सगळं मला वाचता येतं.
इथे मात्र रिमोटच्या बाणानं
एकेका अक्षराच्या दारापर्यंत चालत जायचं,
चुकलं की परत फिरायचं.
पासवर्ड रज्जाकच्या हातचा,
मसाल्याच्या कपाटाला आतून, मार्करनं.
त्यावर तेलाचा हात लागलाय कुणाचा तरी.
तो एक आहे की एल
यावरून तीनदा भांडलो.

चौथ्यांदा लागला.
मग म्हणे, जागा नाही.

राऊटर दहाच जणांना घरात घेतो.
आम्ही नऊ.
दहावा कोण, म्हणून मोजायच्या गोष्टीत
मोजणारा स्वतःलाच विसरतो,
मी तर स्वतःपासूनच सुरुवात केली होती.
फोनवर यादी उघडली.
सुदाम, हमीद, बाबुल मियाँ, तुस्कानो मोठा, तुस्कानो छोटा,
खाली खाली जात शेवटी करड्या रंगात
रज्जाक-२.

दोन महिन्यांत येतो म्हणाला होता,
मुतखडा काढून.
कंपनीनं अकामा रद्द केला,
पलंग बाबुल मियाँला दिला,
कपाटाचं कुलूप आम्हीच तोडलं, आत
एक इस्त्रीचा शर्ट आणि आठ बॅटरी सेल.
राऊटरला कुणी कळवलं नाही.
त्याच्या लेखी रज्जाक
जिन्यात असेल, येईल वर.

नावापुढे एकच बटण: विसरा.

व्हॉल्व्ह बंद करण्याआधी
कंट्रोल रूमला विचारतो तसं मागे पाहिलं.
सुदामला अचानक चपाती उलटायची आठवण झाली.
तुस्कानो मोठा म्हणाला, तू टेक्निशियन ना, तू बघ.
हमीद घड्याळ बघत होता,
गावच्या फायनलला त्याचा धाकटा भाऊ बोलिंग टाकणार,
तिकडे अकरा वाजून गेले होते.

मी माझाच फोन काढला.

मग खाडीकाठचं मैदान आलं, बांबूला बांधलेले दिवे,
माइकवरचा माणूस
प्रत्येक चेंडूला विमान उडाल्यासारखा ओरडणारा.
खाली कोपऱ्यात आकडा: पाहणारे एकेचाळीस.
नऊ जण मिळून आम्ही त्यातले एक.
हमीदचा भाऊ धावत आला,
हात वर गेला,
आणि चाक फिरायला लागलं.

चेंडू हातातच.
नऊ माणसं उभी, सुदामच्या हातात उलथनं.
थांबलेल्या चित्रात सीमारेषेच्या पलीकडे
प्लास्टिकच्या खुर्चीत कुणीतरी,
चौकोनी चौकोनी, अंग उतरलेलं,
डावा पाय उजव्यावर टाकून, त्याच्यासारखा.
किंवा खांबाला टांगलेलं पोतं असेल.
कुणाला दाखवावं म्हणून बोट उचललं
तेवढ्यात सिग्नल आला,
कॅमेरा फिरला,
तिघा स्टंपांपैकी मधला
आडवा पडला होता.

खोली ओरडली.
माझा फोन खिशात गप्प,
घरून आलेलं काही असेल तर
ते रज्जाकच्या मागे जिन्यात थांबलं असेल.