चष्मा काढणारा माणूस

नारबा मोचेमाडकर अडतीस सिनेमांत होता,
अडतीसांत मिळून साडेअकरा मिनिटं.
मी मोजलंय. वेंगुर्ल्याच्या तंबू टॉकीजात
रिळं गुंडाळायचं काम माझं.

बहुतेक वेळा डॉक्टर.
बॅग घेऊन आत जायचा, बाहेर यायचा,
चष्मा काढायचा
आणि म्हणायचा, 'आता सगळं त्याच्या हाती.'
दोनदा जज्ज. एकदा स्टेशनमास्तर, पाठमोरा.
एकदा तर नुसताच हात, तार देणारा.
तो नारबाचा, हे आम्हालाच ठाऊक:
करंगळी वाकडी,
लहानपणी होडी ओढताना चेचलेली.

त्याआधी तेरा वर्षं दशावतारात.
पेटाऱ्यामागून चालत, या जत्रेतून त्या जत्रेत,
रात्री राजा, सकाळी पेजेच्या रांगेत.
तिथं कुणी लिहून देत नाही.
पेटीवाला सूर धरतो, समोरचा राक्षस काहीतरी विचारतो,
उत्तर आपल्याच पोटातून काढायचं,
पहाटेचे चार वाजले असले तरी.
बोटीनं मुंबईला गेला
तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी हातात कागद दिला,
म्हणाला, एवढंच बोल.

मे महिन्यात यायचा, आंबे उतरायला.
बंदरावर तांडेल विचारत,
'काय रे नारबा, औंदा कोणाक मारलंस?'
'हिरोच्या आवशीक. दोनदा.'
रात्री तंबूत खाली चटईवर बसायचा,
पडद्याकडे पाठ करून.
लोकांची तोंडं बघत.

एका वर्षी प्रिंट जुनी आली,
नेमकी त्याच्या दाराशी भोकं फाटली.
मी दहा हात फीत कापली, टोकं जोडली.
आता डॉक्टर आत जायचा
आणि एकदम आई मेलेली असायची.
लोकांनी बाकं आपटली, पैसे परत मागितले.
सिनेमाचे नव्हे. नारबाचे.
ती दहा हात फीत अजून माझ्याकडे आहे,
तंबाखूच्या डब्यात.

थकून परतला त्या साली, मोचेमाडच्या जत्रेत
राजाचं काम करणारा तापानं आडवा.
नारबाला रंगवलं, मुकुट बांधला.
दीड तास बोलला.
मंत्र्याशी, राक्षसाशी, शेवटी पेटीवाल्याशीही,
मीठ, पाऊस, कर, मासळीचा भाव, म्हातारपण;
राक्षस बिचारा मरायला ताटकळत उभा.
कुणी थांबवलं नाही.
मी घड्याळ बघायला विसरलो,
दीड तास हा आपला अंदाज.

पुढच्या श्रावणात तो गेला.
आरोग्य केंद्रातला कोवळा डॉक्टर
खोलीतून बाहेर आला, ओट्यावर थबकला,
आमच्याकडे बघेना.
'म्हणजे... मी...' एवढंच.
अंगण भरलेलं. सगळे वाट बघत.
मागून म्हातारा तांडेल हळूच म्हणाला,
'बाबा, चष्मो काढ आधी.'

त्याला चष्मा नव्हता.