अर्ध्या चौकटी

उद्यमनगरात लेथच्या शेडवर माळा,
माळ्यावर पीसी, उघड्या पोटाचा,
पोटात दोन कार्डं :
एक लक्ष्मीपुरीत दोनशेला मिळालेलं,
दुसरं पुण्याहून कुरिअरनं, वर्तमानपत्रात गुंडाळून.

लिनक्सला दोन्ही दिसतात.
पण मशीन चालू करावं तर आज हा पहिला, उद्या तो,
व्हिडिओ शून्य आणि व्हिडिओ एक
मानाच्या पानावरून भांडल्यासारखे जागा बदलतात.
शेवटी नियमांची फाईल लिहिली,
दोघांच्या दारावर पाट्या ठोकल्या :
तू डिश. तू व्हीसीआर.
मग गप बसले.

हिंदुराव आतिगरे स्टुलावर, मांडीवर कॅसेट.
लेबलवर जांभळ्या शाईत :
फायनल, ९१. कुणाला देऊ नये.

"दिसतंय काय रं?"
काळं दिसतंय, मामा.
"मॅच तर उन्हात झाल्ती."
फर्मवेअर नाही, म्हणून.
"मग आण की. कुठं मिळतंय? स्टँडवर?"

आणलं. चित्र आलं,
पण करडं, वरून खाली घरंगळणारं.
ड्रायव्हरला वाटत होतं, आपण अमेरिकेत आहोत.
त्याला सांगितलं, बाबा रे, पाल-बी. हे कोल्हापूर.
आणि मैदान तांबडं झालं.
गवत तेव्हाही नव्हतंच.

तिथं ते उभे, तिशीतले, शिडशिडीत,
हातात वेल्डिंगचे मोजे,
मागं जाळ्याला ठिगळ.
सासन्यांच्या बबननं मारलेला तो बॉल,
गोल होता की नव्हता,
यावरून दोन तालमींत अजून सोयरीक जुळत नाही.

एकेक चौकट पुढं सरकवत नेली.
बॉल आला. मामा आडवे पडले. रेघ. थांबवलं.

बॉलला कंगव्यासारखे दात फुटलेले.

मामा, एका चौकटीत दोन अर्ध्या असतात,
विषम रेघा आधी, सम रेघा नंतर,
मधे सेकंदाचा पन्नासावा भाग.
विषम रेघांत बॉल चुन्यावर आहे.
सम रेघांत पार आत.

ते पडद्याजवळ गेले. चष्मा काढला, परत घातला.
खाली कुणीतरी लेथ बंद केला.

फिल्टर लावतो, मी म्हटलं,
दात जातील. मशीन अंदाजानं मधलं काहीतरी ठरवेल.

माउसवरचा माझा हात त्यांनी दाबून धरला.
"त्यो मशीन त्या दिवशी स्टेडियमात व्हता?"
नाही.
"मग ऱ्हाऊ दे."

फाईल ठेवली तशीच, दातांसकट,
चाळीस जीबी.
नाव काय देऊ?
"फायनल, ९१."
आणि पुढचं? कुणाला देऊ नये?

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते थांबले.
डिस्क गरगरत राहिली.
"ते खोड.
बबन्याला एक कॉपी दे.
पण म्हणावं, एकटाच बघ."